दरी, रान आणि धबधबा: पायवाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिखरांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. दरीतून, रानातून, शेतांच्या बांधावरून जाणाऱ्या वाटांना मात्र ‘सोपा ट्रेक’ म्हणून दोन ओळींत उरकतात. अशा वाटा वर्षानुवर्षं चालताना लोकांनी विचारलेले आणि मला स्वतःला पडलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. पाण्याचा विषय निघाला की मी लवकर थांबत नाही.

शिखर चढायचं नाही, म्हणजे वाट सोपीच ना?

नाही. डोंगर चढताना दम आधी निघतो. झेपत नसेल तर तिथेच कळतं आणि परतीला उतार असतो. दरीतला हिशेब उलटा आहे. सकाळी ताज्या पायांनी उड्या मारत खाली उतरायचं, धबधब्यापाशी तास-दोन तास काढायचे आणि थकल्यावर, उन्हं कलल्यावर चढायला लागायचं. खाली जाताना कुणालाच काही जड वाटत नाही, म्हणूनच माणसं झेपेल त्यापेक्षा खोल उतरतात.

शिवाय दरीत अंधार लवकर पडतो. पंचांगातला सूर्यास्त सहा वाजताचा असला तरी कडा सूर्याला चारलाच झाकू शकतो. वर झाडांचं छत असेल तर वाट त्याहून आधी दिसेनाशी होते. बॅटरी दिवसभराच्या फेरीलाही हवी, आणि ती डोक्याला बांधायची. मोबाइलचा उजेड धरला की एक हात अडकतो, आणि नेमका तोच हात दगडाला लावायला हवा असतो.

किती वेळ लागेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात. मेट्रिक मापात तो असा: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि एकूण चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. समजा वाट 12 किलोमीटर आणि चढ 450 मीटर. अंतराचे साधारण 2 तास 25 मिनिटं, चढाईची 45 मिनिटं. झाले 3 तास 10 मिनिटं.

आता हे विसरा आणि पाच तास धरा. हा ठोकताळा कोरड्या, मळलेल्या वाटेवर न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे. ओली मुळं, शेवाळलेले दगड, दोन ओढे, फोटो आणि कुणाची तरी सुटलेली नाडी यातलं त्यात काहीच नाही. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात मागे चालणाऱ्याचा वेग, हेही त्यात धरा.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा: ‘एक वाजला की जिथे असू तिथून मागे.’ धबधबा अर्ध्या तासावर असताना हा निर्णय नव्याने घ्यायला लागलात, तर तो चुकीचाच घेतला जातो.

धबधबा बघायला उत्तम काळ कोणता?

त्याला पाणी कुठून येतं, त्यावर आहे. पावसावरचा धबधबा मोठ्या पावसानंतर फुगतो आणि पाणलोट लहान असेल तर दोन दिवसांत रोडावतो. बर्फावरच्या धबधब्याचा भर वसंताच्या अखेरीस असतो. कॅलिफोर्नियातला 739 मीटरचा योसेमिटी धबधबा मे-जूनमध्ये गर्जत असतो, आणि ऑगस्टमध्ये पुष्कळदा तिथे नुसता ओला कातळ उरतो. चुनखडीतल्या झऱ्यांवर पोसलेले धबधबे त्या मानाने वर्षभर टिकून असतात.

दिवसाची वेळही महत्त्वाची. बर्फाच्या पाण्याचे ओढे पहाटे सगळ्यात कमी असतात आणि दुपारनंतर चढतात. सकाळी घोट्याएवढं पाणी तुडवून गेलात म्हणून संध्याकाळी तसंच परत येता येईल असं नाही.

तुषारांत इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी घ्या. आपल्या सावलीच्या डोक्यापासून साधारण 42 अंशांवर ते उमटतं. म्हणून धबधब्यासमोर सपाटीवर उभं राहायचं तर सूर्य खाली असतानाची सकाळ किंवा संध्याकाळ बरी.

पाऊस थांबलाय, आकाश निळं आहे. मग ओढ्याची भीती कशाला?

कारण ओढ्याला तुमच्या डोक्यावरचं आकाश ठाऊक नसतं. त्याला फक्त वरच्या पाणलोटावर काय पडलं ते कळतं, आणि तो पाणलोट दहा किलोमीटर पलीकडे, दुसऱ्या डोंगरधारेआड असू शकतो. तिथे तासाभरापूर्वी ढग फुटला असेल तर ते पाणी आत्ता वाटेत आहे. उघडा कातळ, चढा उतार आणि अरुंद घळ, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते लवकर येतं आणि हळूहळू न वाढता लोंढ्याने येतं.

निघण्यापूर्वी नकाशावर एकच काम करा. ज्या ठिकाणी थांबणार आहात त्याच्या वर किती मुलूख त्या ओढ्यात उतरतो, ते बोटाने फिरवून बघा. हवामानाचा अंदाज गावापुरता न बघता त्या सगळ्या मुलखाचा बघा.

पाण्यापाशी बसल्यावर एखादा दगड हेरून ठेवा, अर्धा बुडालेला. अधूनमधून त्याच्याकडे नजर टाकायची. स्वच्छ पाणी गढूळ होणं, अचानक पाचोळा आणि काटक्या वाहून येणं, आवाज खर्जात उतरणं, वाऱ्यावर ओल्या मातीचा वास येणं, यातलं एक जरी जाणवलं तरी सामान गोळा करत बसू नका. आडवे पळू नका, ओढ्याच्या कडेने खालीही नको. सरळ वर चढा. एकदा माझा डबा आणि एक बूट असाच गेला. उरलेला बूट काही दिवस दारात ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना गोष्ट सांगायला.

ओढा ओलांडायचा झाला तर?

पहिला प्रश्न: ओलांडलाच पाहिजे का? थांबून पाणी ओसरेल का, वर कुठे साकव आहे का? पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून काल सहज ओलांडलेला ओढा आज ‘थोडासाच’ जास्त दिसत असला तरी पाय उचलून टाकतो. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मी जात नाही. तळ दिसत नसेल किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर घोट्याएवढ्या पाण्यातही जात नाही.

जागा निवडताना डोळा फसतो. अरुंद जागा बघून ‘चार पावलांत पार’ असं वाटतं. पण तेवढंच पाणी अरुंद जागेतून जातं ते खोली आणि वेग वाढवूनच. रुंद, उथळ, खळखळणारी जागा बरी. आणि निवडलेल्या जागेच्या खाली काय आहे ते आधी पाहा. खाली धबधबा, पडलेलं झाड किंवा डोह असेल तर ती जागा बाद. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

बूट घालूनच उतरा. अनवाणी पाय दगडात अडकतात. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय हलवायचा, तोही सरकवत. पाय आणि काठी मिळून दोन आधार कायम जमिनीला हवेत. दगडावरून दगडावर उड्या मारणं दिसायला छान असतं. मनगटं तिथेच मोडतात.

धबधब्याखालच्या डोहात डुंबलं तर चालेल का?

पाणी कोसळतं तिथपासून लांब, उथळ कडेला, तेही पाणी कमी असताना. कोसळणाऱ्या धारेखाली पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. वरून आलेला प्रवाह तळाशी जाऊन वळतो आणि वस्तूला पुन्हा धारेकडे ओढतो. उत्तम पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. त्यात थंडी: 15 अंशांखालच्या पाण्यात एकदम पडलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर बुडायला तेवढं पुरतं. सूर मारायचा तर प्रश्नच नाही. मागच्या वर्षी खोल असलेल्या जागी यंदा पुराने शिळा आणून टाकलेली असते.

काही ठिकाणी पाण्यात उतरायलाच बंदी आहे आणि तिचं कारण वेगळं आहे. क्रोएशियातल्या प्लिटविस सरोवरांचे बांध चुनखडीयुक्त पाण्यातून, शेवाळाच्या आधाराने थरावर थर साचून बनलेत आणि आजही वाढताहेत. माणसांच्या पायांनी ते मोडतात. म्हणून तिथे लाकडी फळ्यांच्या वाटांवरून चालायचं आणि पाणी डोळ्यांनीच बघायचं.

धबधब्याच्या मागे जाता येतं म्हणतात, ते कसं?

वर कठीण खडकाचा थर आणि खाली ठिसूळ थर असला की पाणी खालचा थर आधी खातं. वरचा कातळ छज्जासारखा पुढे राहतो आणि मागे कपार तयार होते. आइसलंडमधल्या साधारण 60 मीटरच्या सेल्यालँड्सफॉस धबधब्यामागून पायवाटच जाते. पण छज्जा कायमचा नसतो. खालचा आधार गेला की तो कोसळतो आणि धबधबा मागे सरतो. नायगारा सुमारे 12,000 वर्षांत असाच 11 किलोमीटर मागे आला. तेव्हा कपारीत जाऊन या, पण तिथे जेवायला बसू नका. छतातून ताजे तुकडे पडलेले दिसले तर आत शिरूही नका.

माथ्यावरून डोकावणं मात्र टाळाच. धारेजवळचा कातळ पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असतो, त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि उतार नेमका कड्याकडे.

वाटेवरच्या खुणा कशा वाचायच्या?

देशोदेशी पद्धत वेगळी. फ्रान्समध्ये 1947 पासून आखल्या गेलेल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे असतात. त्यांची फुली दिसली तर ‘इकडे नाही’. अमेरिकेतल्या सुमारे 3,500 किलोमीटरच्या ॲपलेशियन ट्रेलवर झाडांवर उभा पांढरा पट्टा असतो, एकावर एक दोन पट्टे म्हणजे पुढे वळण आहे, आणि निळा पट्टा म्हणजे मुख्य वाट सोडून जाणारा फाटा. निघण्यापूर्वी त्या वाटेची भाषा पाच मिनिटांत शिकून घ्या.

दगडांच्या राशी ही जुनी खूण, पण हल्ली फोटोसाठी कुणीही रचतं. ओढ्याकाठी एकाच ठिकाणी पंधरा राशी दिसल्या तर ती वाट नव्हे, हौस. त्यात भर घालू नका. त्या दगडांखाली पाण्यातले किडे आणि माशांची अंडी असतात.

आणि ढोरवाटा! रानात माणसाला फसवणारी याहून मोठी गोष्ट नाही. मळलेली, रुंद, अगदी खात्रीची वाट, आणि मग एका झुडपाखालून ती जाते जिथे फक्त गाय वाकून जाऊ शकते. डोक्याच्या उंचीवर फांद्या तुटलेल्या किंवा छाटलेल्या नसतील, तर ती माणसांच्या राबत्यातली वाट नाही असं धरा. शेवटची खात्रीची खूण दिसून दहा मिनिटं झाली, पुढे काही नाही, की मागे फिरून त्या खुणेपाशी जायचं. यात कमीपणा काही नाही.

फोनमध्ये नकाशा आहे. कागदाची काय गरज?

अरुंद दरीत आकाशाची फक्त फट दिसते, उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात आणि तुमचा निळा ठिपका शेजारच्या डोंगरसोंडेवर जाऊन बसतो. नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरीही भराभर उतरते. नकाशा आधीच उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा आणि कागद सॅकमध्ये असू द्या.

तो वाचता यावा एवढंच. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ओढ्यावरून जाताना टोकदार वळण घेतात आणि ते टोक नेहमी प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं. सोंडेवर याच्या उलट, टोक उताराकडे. रेषा एकमेकींना चिकटल्या म्हणजे कडा. आणि ओढ्यावर चिकटल्या म्हणजे धबधबा, मग नकाशात त्याचं नाव असो वा नसो.

वाट पूर्ण चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली जावं, म्हणतात. खरं का?

डोंगराळ मुलखात हा सल्ला जीवावर बेततो. ओढा वस्तीपर्यंत जातो हे खरं, पण तो कड्यांवरून उड्या मारत जातो आणि तुम्हाला ते जमत नाही. माणूस एक छोटा टप्पा घसरत उतरतो, जो परत चढता येत नाही. पुढे दुसरा टप्पा असतो जो उतरता येत नाही. मग दोन्हींच्या मधे अडकून बसायचं, तेही अशा जागी जिथे पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही.

थांबा. पाणी प्या, काहीतरी खा. आल्या पावली शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत जाता येत असेल तर जा. नसेल, अंधार झाला असेल, तर तिथेच राहा, अंगावर सगळं चढवा, उघड्यावर दिसेल अशी जागा धरा.

शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या वाटांवर चालायचा हक्क असतो का?

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक जमिनीवरून चालता येतं. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने हीच जुनी रीत लेखी झाली. इंग्लंडमध्ये ठरलेल्या वाटांपुरता हक्क आहे, आणि बाकीच्या माळरानासाठी लोकांना भांडावं लागलं. 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो माणसं मुद्दाम बंदी मोडून चढली आणि त्यांतले काही तुरुंगात गेले. पुष्कळ देशांत असा कोणताच हक्क नाही, तिथे विचारूनच जावं.

फाटक जसं दिसलं तसं ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. उघडं फाटक पाण्यावर जाणाऱ्या गुरांसाठी मुद्दाम ठेवलेलं असू शकतं. उभ्या पिकाच्या कडेने जा, सगळे एका रांगेत. वासरं घेऊन चरणाऱ्या गाईंना लांबून वळसा घाला, त्यांच्या मधून जाऊ नका. सोबत कुत्रा असेल तर तो दोरीला बांधलेला हवा, पण गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

ओढ्याचं पाणी पिता येईल का?

नितळ दिसतं म्हणून नको. वर कुठे गुरं आहेत, मेलेलं जनावर आहे, ते दिसत नाही. जिआर्डियासारखे जंतूही दिसत नाहीत. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, 2,000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

जळवा आणि गोचिड्या?

जळू किळसवाणी असते, धोकादायक क्वचितच. नखाने तिचं तोंड कातडीपासून सरकवून सोडवा. तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका. गोचिडीला मात्र हलक्यात घेऊ नका, काही प्रदेशांत ती लाइमसारखे आजार देते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश यांपैकी काही लावू नका. संध्याकाळी गुडघ्यांमागे, काखेत, केसांत तपासा.

कपडे आणि बूट कसे हवेत?

सुती नको. भिजलं की ते पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब काढून घेतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं चालतं. गारठून जायला बर्फ लागत नाही. 8-10 अंश, भिजलेलं अंग आणि वारा एवढं पुरतं. अडखळणं, पुटपुटणं, हातून वस्तू सुटणं आणि विनाकारण चिडचिड, ही पहिली लक्षणं. चिडलेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याला कोरडे कपडे द्या.

बुटांबद्दल एकच: तळव्याचे दात अजून शाबूत आहेत ना, ते पाहा. शेवाळावर कुठलाच बूट चालत नाही.

तंबू ओढ्याकाठी ठोकावा का?

चित्रात छान दिसतो. पुराचं सोडाच, रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाशी साचते. शंभर-दीडशे फूट वर, एखाद्या सपाट टप्प्यावर, पुष्कळदा जास्त उबदार असतं आणि तंबू दवाने भिजत नाही. पाण्यापासून 60 मीटर तरी लांब राहा, शौचासाठीही हेच अंतर. आणि झोपण्यापूर्वी मान वर करून बघा: वाळलेली फांदी डोक्यावर लटकत नाही ना.

धबधब्याजवळच्या हवेत खरंच काही औषधी असतं का?

भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी 1892 मध्येच दाखवलं होतं की पाणी फुटून तुषार उडतात तेव्हा भोवतालच्या हवेत विद्युतभार निर्माण होतो. तेवढं खरं. त्यावरून पुढे जे ‘ऋण आयनांचे’ (ऋण विद्युतभार असलेल्या कणांचे) फायदे विकले जातात त्यांना तेवढा पुरावा नाही. मला धबधब्याशी बरं वाटतं ते बहुधा तिथे कुणाचा फोन लागत नाही म्हणून.

फोन लागत नाही, मग मदत कशी मागायची?

शिट्टी. ओरडण्यापेक्षा ती लांब जाते आणि घसा बसत नाही. एका मिनिटात सहा वेळा वाजवा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. युरोपातल्या डोंगरांत ही खूण ओळखतात, आणि उत्तरादाखल मिनिटाला तीन येतात. उत्तर अमेरिकेत तीनच्या संचाने मदत मागतात. रात्री हेच बॅटरीने करा. थोडं वर चढून 112 लावून बघा; युरोपीय संघात आणि भारतात हा आणीबाणीचा क्रमांक चालतो, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या नेटवर्कवरून लागू शकतो. बोलणं होत नसेल तर ओळखीच्या माणसाला छोटा संदेश पाठवून ठेवा. क्षणभर रेंज मिळाली तरी तो निघून जातो.

पण शोधायला कुठे यायचं, हे कुणाला तरी माहीत हवं. निघताना एका माणसाला वाट, परतीची वेळ आणि ‘किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागव’ हे तिन्ही लिहून द्या. आणि वर गाडीपाशी पोचलात की बूट काढण्याआधी त्याला फोन करा.